एल्डर स्क्रोल्स ६ : पीसी आत्ता घ्यायचा की थांबायचं?

इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की बेळगावच्या टिळकवाडीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत एक ठरलेला प्रसंग घडतो. वडील विचारतात, "ऑटोकॅड चालेल ना?" मुलगा मागून हळूच विचारतो, "ग्राफिक कार्ड किती जीबीचं?" ऑटोकॅड हे वडिलांसाठीचं कारण. मुलाच्या पोटातला प्रश्न वेगळाच असतो : एल्डर स्क्रोल्स या कॉम्प्युटर गेमचा सहावा भाग येईल तेव्हा हे मशीन त्याला पुरेल का?

हा खेळ अजून आलेला नाही. किती रॅम, कुठलं कार्ड याची अधिकृत यादीही नाही. १० जून २०१८ रोजी बेथेस्डा कंपनीने ३६ सेकंदांची एक झलक दाखवली : डोंगर, धुकं, लांबवर समुद्र, संगीत आणि नाव. तेवढ्या भांडवलावर लोक इतकी वर्षं नकाशे जुळवतायत. हे डोंगर खेळातल्या हॅमरफेल प्रांताचे की हाय रॉकचे यावर आमच्याकडे चहाच्या टपरीवर झालेले वाद मी ऐकलेत. राजहंसगडाच्या पायथ्याशी उभं राहून "डिट्टो असंच होतं बघ" म्हणणारेही भेटलेत. त्या अंदाजांचं सोडा. पण हार्डवेअरचे अंदाज हवेतले नाहीत. ही मालिका १९९४ पासून चालू आहे आणि प्रत्येक भागाने काय मागितलं याची नोंद आहे.

पहिला भाग 'अरिना', १९९४ चा. ३८६ प्रोसेसर आणि ४ एमबी रॅम, बस्स. १९९६ चा 'डॅगरफॉल' आकाराने अवाढव्य : सुमारे १५ हजार गावं-शहरं-भुयारं, बहुतेक सगळी कॉम्प्युटरनेच रचलेली, म्हणून एकसारखी आणि चुकांनी भरलेली. हे दोन्ही खेळ आमच्या भागात त्या काळी कुणी खेळलं असेल असं मला वाटत नाही. पुढे कंपनीने ते फुकट वाटले, 'अरिना' २००४ मध्ये आणि 'डॅगरफॉल' २००९ मध्ये. भंगारात काढायच्या लायकीच्या पीसीवरही चालतात म्हणून काहींनी ते तेव्हा उघडून पाहिले.

खरी गोष्ट २००२ च्या 'मॉरोविंड'पासून सुरू होते, कारण तिथून ही मालिका कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावर गेली. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्स कन्सोलमध्ये मेमरी होती ६४ एमबी. त्यात एवढं मोठं बेट बसवताना मेमरी इतकी तुंबायची, की 'लोडिंग'ची पाटी पडद्यावर ठेवून खेळ आतल्या आत मशीनच रीस्टार्ट करायचा. खेळणाऱ्याला पत्ता नसे. या मालिकेचे दिग्दर्शक टॉड हॉवर्ड यांनी स्वतःच पुढे हे सांगितलं. पीसीला १२८ एमबी, विंडोज एक्सपी असेल तर २५६ एमबी रॅम लागायची. तेव्हा गल्लीतल्या सायबर कॅफेतल्या मशीनमध्ये एवढी रॅम असणं म्हणजे चैन होती.

'मॉरोविंड'मध्ये मंत्र म्हणून हवेत तरंगता यायचं. शहराच्या भिंतीवरून उडत आत उतरावं, कुणाच्या बापाची परवानगी नको. २० मार्च २००६ ला 'ओब्लिव्हियन' आला आणि हे तरंगणं गायब झालं. कथेत कारण दिलं गेलं की सरकारने कायद्याने बंदी घातली. खरं कारण साधं होतं. मोठी शहरं आता वेशीआड वेगळी लोड होत होती. वेस ओलांडली की लोडिंगची पाटी, मग शहर. वरून उडत गेलात तर आत शहरच नाही. एक्सबॉक्स ३६० ची मेमरी होती ५१२ एमबी. त्यात गवत, झाडं आणि आपापली दिनचर्या असलेली माणसं बसवायची तर शहर बाहेरच्या रानापासून तोडावंच लागलं.

हे एवढं विस्ताराने सांगायचं कारण असं, की सहाव्या भागाकडून लोक जे मागतायत त्या यादीत वरच्या ओळी याच आहेत : उघडी शहरं, परत तरंगणं, कमीत कमी लोडिंग. लोकांना वाटतं की हा कंपनीच्या मर्जीचा प्रश्न आहे. मला तो आधी मेमरीचा वाटतो.

'ओब्लिव्हियन'ने आमच्या पिढीला ग्राफिक कार्ड हा शब्द शिकवला. ५१२ एमबी रॅम आणि १२८ एमबीचं वेगळं कार्ड ही त्याची किमान अट. घरोघरी मदरबोर्डवरच्या ऑनबोर्ड ग्राफिक्सवर काम भागत होतं, त्यावर खेळ सुरूच व्हायचा नाही. जुन्या कार्डांसाठी कुणीतरी 'ओल्डब्लिव्हियन' नावाचा जुगाड तयार केला होता. तो उतरवायचा तर बीएसएनएलच्या ब्रॉडबँड प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड मोजलं जात नसे, म्हणून २ चा गजर लावायचा. आणि खानापूरच्या बाजूला राहत असाल तर पावसाळ्यात ३ वाजता वीज जायची, ८० टक्क्यांवर. असो.

मग ११ नोव्हेंबर २०११, 'स्कायरिम'. किमान २ जीबी रॅम, ५१२ एमबीचं कार्ड, ६ जीबी जागा. पाच वर्षांनंतर आलेला खेळ आणि मागणी इतकी बेताची, कारण कन्सोल तेच जुने होते : तोच एक्सबॉक्स ३६०, आणि प्लेस्टेशन ३, ज्याची मेमरी २५६-२५६ अशी दोन वाट्यांत विभागलेली. प्लेस्टेशनवर तर सेव्ह फाइल फुगली की खेळ अडखळायला लागायचा. पीसीवाल्यांच्या मशीनमध्ये ४ जीबी रॅम असली तरी सुरुवातीला खेळ २ जीबीच्या वर हात लावत नसे. हौशी लोकांनीच त्यावर तोड काढली, मग डिसेंबरमध्ये कंपनीने अधिकृत पॅच दिला.

फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने खेळ बदलायची साधनं लोकांच्या हाती दिली आणि मॉडिंगला, म्हणजे खेळणाऱ्यांनी खेळात आपापले बदल घालण्याला, पूर आला. दिवाळीत गल्लीत मातीचा किल्ला बांधणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. आधी किल्ला तयार होतो, मग कुणी तळं खणतो, कुणी हळीव पेरतो, कुणी मावळ्यांशेजारी प्लास्टिकचा डायनासोर उभा करतो. 'स्कायरिम'चं तेच झालं, आणि तिथेच हार्डवेअरचं गणित बिघडलं. मूळ खेळ साध्या लॅपटॉपवर चालायचा, पण दोन-तीनशे मॉड टाकलेला खेळ महागड्या कार्डाला घाम फोडायचा. २०१६ ची ६४ बिट आवृत्ती आल्यावर मेमरीची जुनी अडचण सुटली. २०२३ पर्यंत या एका खेळाच्या ६ कोटींहून जास्त प्रती खपल्याचं हॉवर्ड यांनी सांगितलं. सहावा भाग इतका का लांबला, याचं अर्धं उत्तर या आकड्यात असावं.

उरलेलं अर्धं उत्तर 'स्टारफील्ड'. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेला हा खेळ अंतराळातला, पण सहाव्या भागासाठी तोच पुरावा, कारण दोन्हींचा पाया बेथेस्डाचं 'क्रिएशन इंजिन' हे सॉफ्टवेअर. किमान १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०७० टीआय कार्ड, १२५ जीबी जागा आणि तीही एसएसडी या वेगवान डिस्कवरच. 'स्कायरिम'च्या तुलनेत रॅम आठपट, जागा वीसपट. खेळ जड जातोय अशी ओरड झाली तेव्हा हॉवर्ड यांनी, तुम्हाला पीसी अपग्रेड करावा लागू शकतो, असं सरळ ऐकवलं. सांगणाऱ्याला सोपं होतं! एवढं करून लोडिंगच्या पाट्या मात्र गेल्या नाहीत, आणि सहाव्याबद्दलची खरी धास्ती ती आहे. एप्रिल २०२५ मध्ये 'ओब्लिव्हियन' नव्या साजात परत आला. तोही १२५ जीबी, किमान १६ जीबी रॅम, आणि शिफारस ३२ ची. ज्याच्यासाठी आम्ही ५१२ एमबीची पट्टी घेतली होती, तोच हा खेळ.

आता तारखेचं. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२१ मध्ये बेथेस्डाची मालक कंपनी विकत घेतली. जून २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टात मायक्रोसॉफ्टच्या गेमिंग विभागाचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी सांगितलं की सहावा भाग किमान पाच वर्षं लांब आहे आणि तो कुठल्या कन्सोलवर येईल हे आत्ता सांगणं कठीण आहे. बातम्यांत पहिलं वाक्य गाजलं. माझ्या लेखी दुसरं जास्त महत्त्वाचं. 'मॉरोविंड'पासून प्रत्येक भागाची मागणी त्या वेळच्या एक्सबॉक्सच्या मेमरीने ठरवली. आजच्या एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये १६ जीबी आहे, स्वस्तातल्या सिरीज एसमध्ये १०. पुढचा एक्सबॉक्स चिप बनवणाऱ्या एएमडीच्या साथीने तयार होतोय. सहावा भाग त्यावर आला तर 'स्टारफील्ड'चे आकडे ही शेवटची नव्हे, पहिली पायरी ठरेल.

म्हणून दुकानातल्या त्या मुलाला मी सांगतो : सहाव्यासाठी म्हणून आज कार्ड घेऊ नकोस. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डं रात्रंदिवस राबवून नाणी कमावणं, थांबल्यावर घासून निघालेली कार्डं सेकंडहँड बाजारात स्वस्त आली. ती घेऊन सहा महिन्यांत पंखा आणि कार्ड दोन्ही गमावलेले माझ्या ओळखीत दोघं आहेत. त्यांतला एक मी. रॅमचं मात्र उलटं झालं. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि २०२५ च्या अखेरीस रॅमच्या पट्ट्या भलत्याच महागल्या. गेल्या खेपेला माझ्यासमोर एका वडिलांनी ३२ जीबीचा भाव ऐकून मुलाकडे नुसतं बघितलं. मुलगाच म्हणाला, "१६ ची एकच पट्टी घाला, दुसरा स्लॉट मोकळा राहू दे." दुकानदाराने वर न बघता बिलात तसं लिहिलं.