आंशिक गुडघेबदल : सिमेंटचे आणि बिनसिमेंटचे रोपण

गुडघ्यात तीन कप्पे असतात : आतल्या बाजूचा, बाहेरच्या बाजूचा आणि वाटीमागचा. झीज एकाच कप्प्यात, बहुधा आतल्या बाजूला, झाली असेल आणि अस्थिबंध शाबूत असतील, तर तेवढ्याच भागातील हाडांची टोके धातूने मढवून मध्ये प्लॅस्टिकची चकती बसवतात. याला आंशिक गुडघेबदल म्हणतात. बोलताना ‘वाटी बदलली’ असे सर्रास म्हटले जाते. या शस्त्रक्रियेत मात्र वाटी मूळचीच राहते. या शस्त्रक्रियेतले सरकत्या चकतीचे ‘ऑक्सफर्ड गुडघा’ हे रोपण शल्यविशारद जॉन गुडफेलो आणि अभियंता जॉन ओ’कॉनर यांनी १९७० च्या दशकात घडवले. त्याचे बिनसिमेंटचे रूप २००४ मध्ये वापरात आले.

हाडाचे सिमेंट म्हणजे बांधकामाचे सिमेंट नव्हे. ते पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट नावाचे अ‍ॅक्रिलिक असते. भुकटी आणि द्रव कालवून केलेला हा लगदा काही मिनिटांत तापून घट्ट होतो. तो गोंदासारखा चिकटत नाही. हाडाच्या जाळीदार छिद्रांत शिरून अडकतो. बिनसिमेंटच्या रोपणात हाडातली खाच किंचित आवळ ठेवून भाग ठोकून बसवतात. त्याच्या खरबरीत, सच्छिद्र टायटॅनियमवर हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचा लेप असतो. हाडातले खनिजही याच जातीचे असल्याने पुढच्या काही महिन्यांत हाड त्या छिद्रांत वाढते.

दोहोंतला सर्वांत बोलका फरक एक्स-रेमध्ये दिसतो. नडगीच्या हाडावर सिमेंटने बसवलेल्या धातूच्या पत्र्याखाली पुष्कळदा एक बारीक काळी रेघ उमटते. ती दोन मिलिमीटरहून अरुंद, कडेला पांढरी किनार असलेली आणि वर्षानुवर्षे न वाढणारी असेल, तर ती रोपण सुटल्याची खूण नसते. तिथे तंतुमय ऊतीचा पातळ थर असतो. तरीही गुडघा दुखतो आहे आणि रेघ दिसते आहे, एवढ्यावरून चांगले बसलेले रोपण काढले गेल्याची उदाहरणे आहेत. हे टाळण्याजोगे नुकसान आहे. रेघ रुंदावते आहे का, हे जुन्या एक्स-रेशी ताडून पाहिल्याशिवाय पुनर्शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये. बिनसिमेंटच्या रोपणाखाली अशी सलग रेघ क्वचितच दिसते.

इंग्लंडच्या राष्ट्रीय सांधे-नोंदवहीतील तुलनेत बिनसिमेंटच्या ऑक्सफर्ड रोपणात पुनर्शस्त्रक्रिया कमी आढळल्या, विशेषतः रोपण सैल झाल्यामुळे कराव्या लागणाऱ्या. वेदना आणि हालचाल यांत मात्र दोन्ही प्रकार जवळपास सारखेच ठरतात. सिमेंट सुकण्याची वाट पाहावी लागत नाही, म्हणून शस्त्रक्रियेचा वेळही वाचतो.

बिनसिमेंटचा खरा धोका नडगीचा माथा मोडण्याचा. लहान चणीच्या रुग्णांत, किंवा हाड कापताना उभी करवत मागच्या बाजूला जास्त खोल गेल्यास, तो वाढतो. हाड फार ठिसूळ असेल तर अनेक शल्यविशारद सिमेंटच निवडतात. असा अस्थिभंग बहुधा पहिल्या काही आठवड्यांत होतो, म्हणून कमी होत आलेले दुखणे एकाएकी वाढले तर लगेच एक्स-रे काढावा.