नवख्याच्या पहिल्या प्रश्नामागचा इतिहास

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही मोफत, खुली संगणक प्रणाली टाकली, सगळे छान चालले, फक्त वायफाय लागेना. शोधाशोध करून थकल्यावर एखाद्या ऑनलाइन गटात पहिला प्रश्न टाकायचा आणि उत्तर येईपर्यंत धाकधूक: प्रश्न फारच बाळबोध तर नाही? बहुतेक नवखे यातून जातात. खुद्द लिनक्सचा जन्मही अशाच एका प्रश्नापाशी झाला, हे मात्र त्यांना क्वचितच कोणी सांगते.

३ जुलै १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातल्या, स्वतःची प्रणाली लिहायला घेतलेल्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने मिनिक्सच्या न्यूजग्रुपवर (इंटरनेटवरच्या लेखी चर्चागटावर) विचारले, पॉसिक्स, म्हणजे युनिक्ससारख्या प्रणालींनी कसे चालावे हे ठरवणाऱ्या मानकाची प्रत कुठे मिळेल? (मिनिक्स ही अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लिहिलेली छोटी प्रणाली.) हा प्रश्न अरी लेम्के यांच्या नजरेत भरला आणि त्यांनी फिनलंडमधल्या एका एफटीपी सर्व्हरवर (लोकांना फाइली उतरवून घेता येतील अशा संगणकावर) त्याच्या प्रणालीला जागा करून दिली. लिनसच्या मनात ‘फ्रीक्स’ हे नाव होते. लेम्केंनी फोल्डरला ‘लिनक्स’ नाव दिले आणि तेच टिकले. २५ ऑगस्टला लिनसने आपल्या कामाची माहिती त्याच न्यूजग्रुपवर दिली, तीही लोकांना काय हवे आहे ते विचारत. सप्टेंबरमध्ये आलेली पहिली आवृत्ती जेमतेम दहा हजार ओळींची होती. पुढे मोडेमऐवजी चुकून हार्ड डिस्कलाच डायल करण्याची आज्ञा देऊन त्याने स्वतःचे मिनिक्सचे पार्टिशन (हार्ड डिस्कचा वेगळा केलेला भाग) खराब केले. पार्टिशन पुसून बसलेल्या प्रत्येक नवख्याने हे लक्षात ठेवावे.

१९९२ मध्ये लिनक्स ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या जीपीएल परवान्याखाली आले. आपण पाठवलेली सुधारणा सगळ्यांसाठी खुली राहणार याची खात्री मिळाल्याने अनोळखी माणसे हात लावायला पुढे आली. १९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि डेबियन या डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचे तयार संच, सुरू झाल्या. तेव्हाचे इन्स्टॉलेशन म्हणजे फ्लॉपींची चळत, आणि ग्राफिकल पडदा सुरू करायचा तर मॉनिटरच्या वारंवारितेचे आकडे हाताने लिहायचे. ते चुकले तर मॉनिटर बिघडू शकतो, असा इशारा मार्गदर्शिकांत असे.

त्याच सुमारास युजनेटवर, म्हणजे अशा न्यूजग्रुपांच्या जाळ्यावर, वेगळेच काही घडत होते. तोवर दर सप्टेंबरला विद्यापीठांतून नवे विद्यार्थी यायचे आणि जुने लोक त्यांना तिथल्या रीतीभाती शिकवायचे. १९९३ नंतर ही आवक थांबेनाच. ‘न संपणारा सप्टेंबर’ असे त्याला नाव पडले. एकच प्रश्न शंभराव्यांदा आला की विनामोबदला उत्तरे देणारा माणूस वैतागणारच. आधी मॅन्युअल वाच, असे शिवीसकट सुनावणारे ‘आरटीएफएम’ लिनक्सपेक्षा जुने आहे, पण इथे ते चांगलेच रुजले. तो वैताग मला समजतो, पण त्यातला अन्याय त्याहून मोठा वाटतो. मॅन पेज, म्हणजे मॅन्युअलमधले त्या कमांडचे पान, शोधायला आधी कमांडचे नाव तरी ठाऊक लागते, आणि नवख्याचे नेमके तिथेच अडलेले असते.

दार उघडत गेले ते हळूहळू. २००० मध्ये आलेल्या नॉपिक्समुळे हार्ड डिस्कला धक्का न लावता सीडीवरूनच लिनक्स चालवून पाहता येऊ लागले. ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू आले. त्याच्या सीडी मागणाऱ्याला टपालाने फुकट मिळत, आणि एकमेकांशी आदराने वागण्याची आचारसंहिता त्या प्रकल्पाने लेखी ठेवली. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांच्या, वर्तुळाला मात्र बराच वेळ लागला. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्सने आपल्या कठोर भाषेबद्दल जाहीर माफी मागितली, काही आठवडे कामातून रजा घेतली, आणि त्याच महिन्यात कर्नल प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारली.

आजही पहिल्या प्रश्नाला बहुतेकदा उलट प्रश्नच येतात: डिस्ट्रो कोणती, कर्नलची आवृत्ती कोणती, वायफायची चिप कोणती, एररचा मजकूर जसाच्या तसा काय आहे? नवख्याला वाटते, आपल्याला टाळताहेत. खरे तर दूरच्या माणसाला तुमचे मशीन दिसत नाही, आणि एवढे विचारणाऱ्याने ते प्रकरण मनावर घेतलेले असते.