ठासणीच्या रायफलीची गोळी व दारू

तोंडाकडून दारू व गोळी भरून गजाने ठासावयाच्या आणि नळीत आतून आटे पाडलेल्या बंदुकीसाठी गोळीचा आकार, व्यास व वजन आणि दारूचा कण व माप ठरविण्याची पद्धत. आटे नसलेल्या नळीत गोळी थोडी सैल असली तरी चालते; रायफलीत मात्र तिने आटे धरले नाहीत, तर तिला फिरकीच मिळत नाही. गोळी सहज खाली उतरावी आणि सुटताना घट्ट बसावी, या परस्परविरोधी गरजांभोवती हा सारा विषय फिरतो. कोकणात शेतीच्या संरक्षणासाठी परवान्यावर बाळगल्या जाणाऱ्या ठासणीच्या बंदुका बहुधा बिनआट्यांच्या असल्याने पुढील विवेचन त्यांना जसेच्या तसे लागू पडत नाही.

सर्वांत जुना उपाय चिंधीत गुंडाळलेल्या गोल गोळीचा. ०·५० इंच व्यासाच्या नळीत साधारणपणे ०·४९ इंचाची, सुमारे १७७ ग्रेन (सु. साडेअकरा ग्रॅम) वजनाची मऊ शिशाची गोळी घालतात आणि उरलेली जागा तेलात वा चरबीत भिजविलेली सुती चिंधी भरून काढते. बार उडाल्यावर पुढे पडलेली ही चिंधी उचलून पाहावी : ती मधोमध काळवंडलेली पण अखंड असेल, तर जुळणी ठीक आहे, मध्ये जळून भोक पडले असेल, तर कापड पातळ आहे किंवा दारू जास्त झाली आहे. गोल गोळीला संथ फिरकीचे आटे (४८ ते ६६ इंचांत एक वेढा) मानवतात, तर लांबट गोळीला बहुधा अधिक जलद फिरकी लागते.

बार उडताच फुगून आटे धरणाऱ्या लांबट गोळीचे जनकत्व वादग्रस्त आहे. ब्रिटिश सेनाधिकारी जॉन नॉर्टन याने १८२० नंतरच्या दशकात अशी गोळी सुचविली. दक्षिण भारतातील फुंकनळीच्या बाणाला मागे लावलेला कमळाचा गाभा फुंकरीने फुगताना पाहून त्याला ती सुचली, असे सांगितले जाते. ही कथा आकर्षक असली, तरी ती जपून घ्यावयास हवी. इंग्रज बंदूककार विल्यम ग्रीनर याने १८३५ च्या सुमारास पोकळ बुडात पाचर बसविलेली गोळी तयार केली. ती सैन्याने नाकारली, पण १८५७ मध्ये ब्रिटिश सरकारने त्याला १,००० पौंड दिले. त्यामुळे त्याचा दावा अधिक भक्कम वाटतो. फ्रान्समध्ये देल्व्हीन्य या सेनाधिकाऱ्याने गजाच्या ठोक्याने गोळी पसरविण्याची युक्ती काढली होती. त्याच परंपरेत क्लोद मिनिए याने १८४९ च्या सुमारास बुडात लोखंडी वाटी असलेली गोळी सिद्ध केली आणि या प्रकारच्या गोळीला मिनिएचेच नाव चिकटले. अमेरिकेत जेम्स बर्टन याने वाटी काढून केवळ पोकळ बूड ठेवले. १८५५ मध्ये अमेरिकी सैन्याने ती स्वीकारली.

ब्रिटिश सैन्याच्या १८५३ च्या एनफील्ड रायफलीच्या नळीचा व्यास ०·५७७ इंच, गोळी सुमारे ५३० ग्रेन आणि दारू अडीच ड्रॅम (सुमारे ६८ ग्रेन) होती. आरंभीची ०·५६८ इंचाची गोळी काजळी धरलेल्या नळीत अडकू लागल्याने पुढे ती ०·५५ इंचाची करण्यात आली. तिच्या काडतुसावरील चरबीचा १८५७ च्या उठावाशी असलेला संबंध सर्वश्रुत आहे. तांत्रिक दृष्ट्या ती चरबी गोळी सरकण्यासाठी व काजळी मऊ ठेवण्यासाठी आवश्यक होती. पुढे मेणावर भर देण्यात आला.

काळ्या दारूत सुमारे ७५ भाग शोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक असतो. कण जितका बारीक, तितकी ती जलद जळते व दाब वाढतो. कणांच्या प्रतवारीत ‘एफ’ हे अक्षर जितक्या वेळा येते, तितकी दारू बारीक असते. ०·५० इंच व त्यापुढील नळ्यांना बहुधा दोन एफ, लहान नळ्यांना तीन एफ आणि चकमकीच्या बंदुकीत रंजकीसाठी (ठिणगीने प्रथम पेटणाऱ्या दारूसाठी) चार एफ वापरतात. माप कमी ठेवून सुरुवात करावी आणि निर्मात्याने दिलेल्या मर्यादेच्या आत पाच-पाच ग्रेनांनी वाढवीत निशाणावरील छिद्रे सर्वांत जवळ येतील तेथे थांबावे. गोळी दारूवर पक्की टेकलेली असली पाहिजे. मध्ये पोकळी राहिल्यास नळी फुगते, म्हणून गजावर खूण करून ठेवतात. धूररहित दारू काळ्या दारूच्या रायफलीत कधीही घालू नये, कारण तिच्या दाबाने नळी फुटू शकते.