मिथेनॉल आणि ॲसिटोनायट्राइल यांची अदलाबदल

मिथेनॉल आणि ॲसिटोनायट्राइल ही दोन्ही द्रावके रंगहीन आहेत, दोन्ही पाण्यात पूर्ण मिसळतात आणि दोन्हींच्या बाटल्यांवर ‘एचपीएलसी ग्रेड’ असेच छापलेले असते (एचपीएलसी म्हणजे द्रावकाच्या प्रवाहाबरोबर नमुना कॉलममधून नेऊन त्यातले घटक वेगळे करण्याची पद्धत). त्यामुळे एक संपले तर दुसरे वापरावे, फार तर प्रमाण थोडे बदलावे, असा समज प्रयोगशाळेत सहज रुजतो. रिव्हर्स्ड फेज कॉलमपुरता (ज्यात पाण्यापासून दूर राहणारे घटक जास्त वेळ अडकतात) तो काही अंशी खराही आहे, कारण पाण्यात ४० टक्के ॲसिटोनायट्राइल जे काम करते, त्यासाठी मिथेनॉल साधारण ५० टक्के लागते. घटक यूव्ही प्रकाश किती शोषतो हे मोजणाऱ्या डिटेक्टरपाशी मात्र ही बरोबरी मोडते.

ज्या तरंगलांबीला १ सेंटीमीटर थरातून प्रकाशाचा जेमतेम दहावा हिस्सा पलीकडे पोहोचतो, तिला त्या द्रावकाची यूव्ही कटऑफ म्हणतात. ॲसिटोनायट्राइलची कटऑफ १९० नॅनोमीटरच्या आसपास आहे, मिथेनॉलची २०५. मापन २५४ नॅनोमीटरवर असेल तर दोन्ही पारदर्शकच आहेत आणि निवड डिटेक्टरसाठी फारशी महत्त्वाची नाही. पण ज्या रेणूत सुगंधी वलय नाही, ज्याला २१० नॅनोमीटरवरच पाहावे लागते, त्याच्या बाबतीत मिथेनॉल फोटोडायोडवर पोहोचणारा प्रकाशच कमी करते. रेणूचा सिग्नल जवळपास तोच राहतो. वाढतो तो नॉइज, म्हणजे मापनातला अनियमित चढउतार, आणि किती कमी मात्रा ओळखता येईल हे या दोहोंच्या गुणोत्तरावर ठरते.

आयसोक्रॅटिक पद्धतीत, म्हणजे द्रावकाचे प्रमाण शेवटपर्यंत तेच ठेवल्यावर, हे लक्षात येत नाही, कारण ऑटो झिरो केल्यावर बेसलाइन (नुसत्या द्रावकाची रेघ) पडद्यावर शून्यावरच दिसते. हरवलेला प्रकाश मात्र त्याने परत येत नाही. ग्रेडियंटमध्ये, म्हणजे प्रमाण हळूहळू बदलत नेताना, मिथेनॉल ५ टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर जाताना बेसलाइन चढण चढते आणि त्या चढणीवर ०.०५ टक्का अशुद्धीचा पीक कुठे सुरू होतो, कुठे संपतो, हे इंटिग्रेशनला नीट ठरवता येत नाही. म्हणून २२० नॅनोमीटरच्या खाली मिथेनॉलचा ग्रेडियंट टाळावा, असे माझे ठाम मत आहे. (ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्लही या भागात प्रकाश शोषते, म्हणून पाण्याच्या बाटलीत ते ०.१ टक्का आणि सेंद्रिय द्रावकाच्या बाटलीत त्याहून किंचित कमी घालून बेसलाइन सपाट ठेवण्याची जुनी युक्ती आहे.)

यूव्ही डिटेक्टरऐवजी रेणूंचे आयन मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर जोडला की हिशेब बदलतो. तिथे कटऑफला अर्थ उरत नाही. इलेक्ट्रोस्प्रेमध्ये, म्हणजे विद्युतभारित फवाऱ्यात, थेंब किती सहज सुकतात आणि आयन किती बाहेर पडतात, यावर प्रतिसाद अवलंबून असतो. घटकांना कॉलममधून बाहेर काढण्यात मिथेनॉल दुबळे असल्यामुळे घटक जास्त सेंद्रिय प्रमाणात बाहेर येतो आणि काही रेणूंना त्याचा फायदाच होतो. उलट, यूव्हीत चालणारे ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्ल येथे सिग्नल दाबते, म्हणून फॉर्मिक आम्ल वापरतात.

द्रावक बदलण्यापूर्वी ठरलेल्या तरंगलांबीवर नमुन्याविना एक पूर्ण ग्रेडियंट चालवावा आणि बेसलाइनची चढण व नॉइज दोन्ही द्रावकांसाठी एकाच स्केलवर ताडून पाहावेत.