ऑपरेशननंतरचं दुखणं

ऑपरेशननंतरचं दुखणं म्हणजे कातडी, स्नायू, कधी हाड कापल्यामुळे आणि त्या जागी सूज आल्यामुळे होणारी वेदना. बहुतेक ऑपरेशनांत पहिले दोन-तीन दिवस ती जोरात असते, मग जखम भरत जाते तशी उतरते. ती मोजायचं मशीन नाही. बीपी, नाडी वाढते पण त्यावरून खात्रीने काही सांगता येत नाही, म्हणून पेशंट काय बोलतो यावरच औषधाचा सगळा हिशोब चालतो. वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये सुधारलेल्या व्याख्येसोबतही हेच म्हटलंय की दुखतंय असं माणूस सांगतो तेव्हा त्याचं मानलं पाहिजे, आणि ज्याला सांगता येत नाही त्यालाही दुखू शकतं.

नागपुरात हे सांगणं-समजणं जरा अवघडच जातं. मेडिकल आणि मेयो ही सरकारी हॉस्पिटलं, मिहानचं एम्स, धंतोली-रामदासपेठेतली हॉस्पिटलं, सगळीकडे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियापासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे लोक येतात, एकाच वॉर्डात वऱ्हाडी, हिंदी, गोंडी ऐकू येते आणि त्यात जुन्या माणसांना डॉक्टरला "दुखते" म्हणायचाच संकोच, डॉक्टर एवढे बिझी, त्यांना कशाला त्रास द्यायचा.

नेहमीची पद्धत म्हणजे 0 ते 10 मधला आकडा विचारायचा, 0 म्हणजे काहीच नाही आणि 10 म्हणजे सहनच होत नाही. लहान मुलांना हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रं दाखवतात. पण आपल्याकडे वडीलधाऱ्यांना आकड्यापेक्षा आणे लवकर कळतात, सोळा आण्यांचा रुपया. धंतोलीतल्या एका वॉर्डात मी पाहिलेलं सांगतो, हर्नियाचं ऑपरेशन झालेले एक आजोबा, दुसरा दिवस. सिस्टरने विचारलं, "बाबा, दुखून रायलं का?" तर म्हणे, "नाई वो बाई, बरं हाय." पण एक हात पलंगाच्या दांडीला घट्ट धरलेला. सिस्टर म्हणाली खोकून दाखवा बरं, तर त्यांनी टाक्यांवर हात ठेवून नुसता घसा खाकरला आणि डोळ्यांत पाणी आलं. मग तिने विचारलं, "रुपयात किती आणे दुखते?" लगेच उत्तर, "बारा आणे." म्हणजे दहात साडेसात! सलाइनमधून पॅरासिटामॉल गेलं, अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा विचारलं तर चार आणे. मला हीच खरी विचारायची पद्धत वाटते, कारण पडल्या पडल्या न दुखणं पुरत नाही, खोकताना, कूस बदलताना, उठताना किती दुखतं ते कळलं पाहिजे. दुखण्याच्या भीतीने माणूस खोल श्वास घेत नाही, कफ साचतो, न्यूमोनिया होऊ शकतो. पोटाचं ऑपरेशन असेल तर उशी किंवा घडी केलेली चादर टाक्यांवर दाबून खोकायला सांगतात, त्याने बराच आराम पडतो.

आकड्याइतकाच शब्दही महत्त्वाचा. ठणकतंय म्हटलं की सूज किंवा पू आहे का बघतात, आग होते, मुंग्या येतात, करंट लागल्यासारखं होतं म्हटलं की नसेचा (मज्जातंतूचा) विचार होतो आणि नसेच्या दुखण्याला साध्या गोळ्या फारशा लागू पडत नाहीत. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर खांदा दुखतो तेव्हा घरचे हार्ट अटॅक समजून घाबरतात, ते बहुतेकदा ऑपरेशनसाठी पोटात भरलेल्या गॅसमुळे असतं, छाती आणि पोटामधल्या पडद्याला त्रास होतो आणि त्याची नस मानेतून येते म्हणून खांद्यावर जाणवतं, एक-दोन दिवसांत जातं. तरी सांगायचं मात्र नक्की, आणि छातीत दाब किंवा दम वाटला तर तेव्हाच्या तेव्हा.

औषधं एकावर एक जोडून देतात: पॅरासिटामॉल, डायक्लोफिनॅकसारखी सूज उतरवणारी, लागलं तर ट्रामाडॉल, फेंटानिल, मॉर्फिन, शिवाय पाठीतून किंवा नसेजवळ बधिर करणं. पाठीतल्या इंजेक्शनची भूल काही तासांत उतरते तेव्हा दुखणं एकदम अंगावर येतं, म्हणून पायात मुंग्या यायला लागल्या की तेव्हाच सिस्टरला सांगावं, कळ डोक्यात जाईपर्यंत थांबू नये. गुडघा बदललेल्यांनी गोळी व्यायामाच्या आधी घेतलेली बरी, डॉक्टरांना विचारून. किडनी, अल्सर, दमा असेल तर ते आधीच सांगायचं. पॅरासिटामॉल मोठ्या माणसाला 24 तासांत 4 ग्रॅमच्या वर नाही, लिव्हर खराब किंवा वजन कमी असेल तर त्याहून कमी, आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही तेच असतं हे लोकांच्या लक्षात येत नाही. सवय लागेल म्हणून गोळी टाळणारे खूप भेटतात, पण पॅरासिटामॉलची सवय लागत नाही, मॉर्फिनच्या जातीची औषधं डॉक्टरांच्या देखरेखीत थोडे दिवस दिली तर तो धोका कमी असतो, त्यांनी बद्धकोष्ठ, मळमळ, गुंगी मात्र येते.

उतरत चाललेलं दुखणं पुन्हा चढलं, ताप आला, जखमेतून पू आला, एकाच पायाची पोटरी सुजून दुखली तर थांबू नये. प्लास्टर घातलेल्या हातापायात गोळी घेऊनही दुखणं वाढतच असेल, बोटं हलवली की कळ येत असेल तर रात्री दोन वाजलेले असले तरी हॉस्पिटल गाठावं, कारण आत दाब वाढून काही तासांत स्नायू मरतात. टाके भरूनही 3 महिन्यांवर दुखत राहिलं तर ते जुनाट दुखणं धरतात, त्यासाठी पेन क्लिनिकचे डॉक्टर वेगळे असतात, बहुधा भूल देणारेच.