मोटारीचं भंगार: कुर्ल्याच्या गाळ्यांपासून नोंदणीकृत केंद्रांपर्यंत

मुंबईत जुन्या मोटारीला गिऱ्हाईक मिळेना, की तिचा शेवटचा पत्ता ठरलेला असे: कुर्ल्याचा सीएसटी रोड. पण तिथे गाडी नुसती मोडीत निघत नसे. तिचे सुटे भाग दुसऱ्या गाड्यांना लागत, आणि धंद्याचा खरा जीव त्यातच होता.

परवाना राजच्या काळात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे. रस्त्यावर मुख्यतः फियाट आणि अँबॅसॅडर. फियाट बनवणाऱ्या, वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीचा कारखानाही कुर्ल्यातच. फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, 1964 पासून साधारण 2000 पर्यंत जवळपास त्याच साच्यात निघत राहिली. त्यामुळे एका गाडीचा गिअरबॉक्स दुसरीला बिनदिक्कत बसे. टॅक्सीवाल्यांचा संसार याच मालावर चालला.

गाडी गाळ्यात आली की आधी दरवाजे, बॉनेट, डिकी उतरायची. मग चेनपुलीने इंजिन वर. कार्बोरेटर, सेल्फ, डायनॅमो रॉकेलमध्ये धुऊन फळीवर मांडायचे. उरलेला सांगाडा गॅस कटरने कापून पत्रा वजनावर जायचा. कुठला भाग अजून दोन वर्षं चालेल, हे कारागीर हातात घेऊन सांगायचे. हे ज्ञान कुठल्याही पुस्तकात नव्हतं. मात्र काळं ऑइल गटारात जायचं आणि गटार मिठी नदीत, हेही तितकंच खरं. शिवाय भंगारात निघालेल्या गाडीचं आरसी बुक आणि चॅसी नंबर (सांगाड्यावर कोरलेला ओळख क्रमांक) चोरीच्या गाडीवर चढवण्याचे प्रकार देशभर होत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 नुसार गाडी निकामी झाल्याचं मालकाने 14 दिवसांत कळवायला हवं. फार थोडे कळवत.

1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली, 1991 नंतर मॉडेलांची रांगच लागली. कार्बोरेटर गेले, फ्युएल इंजेक्शन आलं, आणि एकाचा भाग दुसऱ्याला बसेनासा झाला. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला. तेव्हा पाण्यात बुडालेल्या गाड्यांचा पत्रा धड होता, पण भिजलेल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे विमा कंपन्यांनी कित्येक गाड्या ‘टोटल लॉस’, म्हणजे दुरुस्ती न परवडणाऱ्या, ठरवल्या.

सरकारी चौकट आली ती 2021 च्या सप्टेंबरात, वाहन भंगार केंद्रांच्या नियमांनी. आता नोंदणीकृत केंद्रात आधी ऑइल, कूलंट, एसीचा गॅस आणि बॅटरी काढून घ्यायची. चॅसी नंबरचा तुकडा कापून सहा महिने जपायचा. मालकाला प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत देण्याची तरतूद आहे. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होऊ लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची 20 वर्षांची मुदत भरली. तिची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवला झाली होती.

मिठीसाठी आणि गाडीचोरी रोखण्यासाठी हा बदल हवाच होता. पण एप्रिल 2025 पासून लागू झालेल्या नियमांत गाड्या बनवणाऱ्यांवरची जुन्या गाड्यांच्या विल्हेवाटीची जबाबदारी मोजली जाते ती परत मिळवलेल्या पोलादावर. वाचवलेल्या गिअरबॉक्सला त्या हिशेबात वेगळी जागा नाही. तो ओळखणारे कारागीर अजून कुर्ल्यात आहेत. प्रदूषण रोखण्याची यंत्रणा दहा बाय दहाच्या गाळ्यात मावणार नाही, तेव्हा नव्या केंद्रांनी त्यांनाच कामावर घ्यावं.