बेझिलचा शेंडा खुडल्यावर रोपात काय घडते?

कुंडीत बेझिल लावणारे अनेक जण काढणीच्या वेळी वरच्या कोवळ्या शेंड्याला हात लावत नाहीत. रोप वाढत राहावे या सद्हेतूने ते खालची मोठी, पूर्ण वाढलेली पाने तेवढी तोडतात. रोपाच्या सोयीने पाहिले तर हे नेमके उलटे आहे. मोठी पाने ही रोपाला साखर पुरवणारी मुख्य पाने असतात. ती गेली की उरते ते एक उंच, काटकुळे खोड, टोकाशी थोडी पाने आणि लवकरच त्यावर मंजिरी.

बेझिल ही तुळशीच्याच ऑसिमम या प्रजातीतील वनस्पती आहे. तिचे खोड चौकोनी असते आणि पाने समोरासमोर जोडीने येतात. प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी काटकोन करते, त्यामुळे वरच्या पानांची सावली लगेच खालच्या पानांवर पडत नाही. प्रत्येक पानाच्या बगलेत एक सुप्त डोळा असतो. म्हणजे एका पेरावर दोन फांद्यांची शक्यता तयारच असते, फक्त शेंडा जोमात असेपर्यंत ती दबून राहते.

या दबण्याला ‘अग्रप्रभुत्व’ म्हणतात. शेंड्याकडील कोवळ्या भागात तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खोडातून खाली उतरते आणि बगलेतील डोळ्यांची वाढ रोखून धरते. केनेथ थिमन आणि फोल्के स्कूग यांनी १९३०च्या दशकात शेंगावर्गीय रोपांचे शेंडे छाटून त्या जागी ऑक्सिन लावून पाहिले, तेव्हा शेंडा नसतानाही खालचे डोळे दबलेलेच राहिले. बरीच वर्षे एवढ्या स्पष्टीकरणावर काम भागले. मात्र २०१४ साली वाटाण्यावर झालेल्या संशोधनात असे दिसले की शेंडा छाटल्यावर, ऑक्सिनची पातळी डोळ्याजवळ घटण्यापूर्वीच डोळा वाढू लागतो. वाढता शेंडा साखरेचा मोठा वाटा स्वतःकडे ओढत असतो. तो नाहीसा होताच ती साखर डोळ्यांपर्यंत पोहोचते आणि त्यांना जाग आणते. ऑक्सिनचे काम त्यानंतरही चालू राहते, पण पहिला इशारा साखरेचा असतो. खालची मोठी पाने का राखायची, याचे याहून चांगले कारण मला तरी माहीत नाही.

प्रत्यक्षात करायचे ते सोपे आहे. रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की खालच्या दोन जोड्या ठेवून, दुसऱ्या जोडीच्या किंचित वर धारदार कात्रीने खोड कापावे. त्या जोडीच्या बगलांतून दोन फुटवे निघतात; त्यांना पुरेशी पाने आली की तेही तसेच कापावेत, म्हणजे एकाचे दोन, दोनाचे चार होत रोप झुडपासारखे दाट होते. एका वेळी एकतृतीयांशाहून अधिक पाला काढू नये. मंजिरी दिसू लागताच तीही खालच्या पानांच्या जोडीपर्यंत खुडावी, कारण बेझिलची मंजिरी खोडाच्या टोकालाच येते आणि ती आली की त्या टोकाचे नवी पाने काढणे थांबते. बी धरायचे असेल तर गोष्ट वेगळी.

लागवडीत फारसे अवघड काही नाही. बियांभोवती पाण्याने फुगणारे बुळबुळीत आवरण तयार होते, ते बीजाला ओलावा देते. २० ते २५ अंश सेल्सिअस तापमानात साधारण आठवड्याभरात अंकुर दिसतात. बी खोल पुरू नये, वर मातीचा पातळ थर पुरतो. दिवसाला सहा तास थेट ऊन, कुंडीतून पाण्याचा चांगला निचरा आणि वरची माती सुकू लागल्यावरच पुन्हा पाणी, एवढे सांभाळावे. सतत चिखल राहिला तर मुळे कुजतात आणि कोवळी रोपे बुडाशी कोलमडतात.

सुगंधाचा उगम पानांवरील सूक्ष्म ग्रंथींत असतो. लिनॅलूल, युजेनॉल, सिनिओल यांसारखी बाष्पनशील द्रव्ये त्यांत साठलेली असतात आणि पान चुरडले की त्या फुटून वास सुटतो. या ग्रंथी पान अगदी लहान असतानाच मोठ्या संख्येने तयार होतात. पान पसरत जाते तशी त्यांची दाटी विरळ होते, म्हणून शेंड्याकडील पाने अधिक सुवासिक वाटतात. वाळवताना यातील बराच सुगंध उडून जातो. फ्रिजमध्येही बेझिल टिकत नाही: साधारण १० अंशांखाली पेशींच्या पटलांना इजा होते, आतील द्रव्ये एकमेकांत मिसळतात आणि पाने काळी पडतात. कापलेल्या काड्या खोलीच्या तापमानाला, पाण्याच्या पेल्यात उभ्या ठेवाव्यात आणि बुडणारी पाने काढून टाकावीत.

अशा काड्यांना एक-दोन आठवड्यांत पांढरी मुळे फुटतात. यामागेही तेच ऑक्सिन आहे: शेंड्याकडून खाली येताना ते कापलेल्या टोकाशी अडून साचते, आणि डोळ्यांना दाबणारे हे संप्रेरक तेथे मुळांना चालना देते. मुळे दोन-तीन सेंटिमीटर झाली की काडी मातीत लावावी आणि पहिले काही दिवस कडक उन्हापासून दूर ठेवावी. मूळ रोपाचे खोड लाकडासारखे टणक होऊन नवे फुटवे मंदावण्याच्या सुमारास हे दुसरे रोप पहिल्या छाटणीच्या उंचीला आलेले असते.